कर्बाच्या कडेचा प्रश्न

कापसाची शेवटची वेचणी आटोपली आणि फरदड (वेचणीनंतरही पुढे राखलेले तेच पीक) ठेवू नये हा कृषी खात्याचा दरसालचा इशारा गावोगाव पोहोचला, की यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्याच्या शिवारांतून पऱ्हाटी उपटण्याचे काम सुरू होते. आणि उपटलेल्या पऱ्हाटीतून चुलीला, कुडाला व कुंपणाला लागेल तेवढी घरी नेल्यावर जी शिल्लक उरते, तिचे ढीग धुऱ्यावर रचून त्यांना काडी लावली जाते. न उमललेल्या बोंडांत दडलेली गुलाबी अळी पुढच्या हंगामापर्यंत जगू नये, यासाठी पऱ्हाटी शेताबाहेर गेलीच पाहिजे याविषयी दुमत नाही, आणि २०१७ सालच्या बोंडअळीने या जिल्ह्याचे जे नुकसान केले ते ज्यांनी पाहिले, त्यांच्यापुढे हा मुद्दा नव्याने मांडण्याची आवश्यकताही नाही. परंतु ज्याच्या कोरड्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग निव्वळ कर्ब असतो, असे हेक्टरी दोन-तीन टन लाकूड धूर करून सोडून द्यावे आणि त्याच वेळी कर्बाच्याच ‘ग्राफीन’ नामक रूपाचे गुणगान वृत्तपत्रांतून वाचून थक्क व्हावे, या दोन गोष्टी एकाच समाजात शेजारी शेजारी नांदताना पाहून मला खेद होतो. खेदाचे कारण केवळ नासाडी हे नाही. कर्बाविषयी आपण जे शिकतो, शिकवितो आणि विकत घेतो, त्यात या द्रव्याच्या मध्यभागाचे वर्णन भरपूर असते आणि त्याच्या कडेचे जवळजवळ नसते. आणि कर्ब कसा पेटतो, काय धरून ठेवतो, काय धरूच शकत नाही, हे पुष्कळसे त्याच्या कडेवर ठरत असल्यामुळे, कडेचे ज्ञान नसलेला समाज कोळसा जाळतानाही फसतो आणि ग्राफीन विकत घेतानाही फसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राफीन म्हणजे काय, हे आता बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक आहे. शिसपेन्सिलीतील ग्राफाइट म्हणजे कर्बाच्या पापुद्र्यांची चळत. दोन पापुद्र्यांतील अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजेच एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटात असे सुमारे तीस लाख पापुद्रे असतात, आणि त्यांतील एकच सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलॉव्ह यांनी चिकटपट्टीने सोलून तो वेगळा केल्याचे २००४ साली जाहीर केले आणि २०१० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ही हकीकतही पुष्कळ वेळा सांगून झाली आहे. या पापुद्र्याच्या मध्यभागातील कोणताही अणू घेतला तर त्याला तीन शेजारी असतात. प्रत्येकाशी तो ०.१४२ नॅनोमीटर अंतरावरून बांधलेला असतो आणि त्या तीन बंधांमधील कोन १२० अंशांचे असतात. बंध जोडण्यास उपलब्ध असलेल्या त्याच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी तीन या तीन बंधांत गुंततात आणि चौथा पापुद्र्याच्या वर व खाली पसरून साऱ्या पापुद्र्याचा सामायिक होतो. पहिल्या तिघांमुळे ग्राफीनला बळकटी येते, चौथ्यामुळे ते वीज वाहते. येथपर्यंतचे वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी ते येथेच संपते. जणू काही पापुद्रा अनंत आहे आणि त्याला कोठे शेवटच नाही.

वस्तुतः पापुद्र्याला शेवट असतो, आणि त्या शेवटच्या ओळीतील अणूची अवस्था अगदी निराळी असते. त्याचा एक शेजारी नाहीसा झालेला असतो. तीन बंधांपैकी दोनच पुरे झालेले असतात आणि तिसऱ्यासाठी राखलेला इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उघडा पडलेला असतो. असा उघडा बंध फार काळ तसाच राहत नाही. भोवती हवा असेल तर प्राणवायू, ओलावा असेल तर हायड्रोजन किंवा प्राणवायू-हायड्रोजनची जोडगोळी, जे प्रथम गाठ पडेल ते पकडून तो आपली उणीव भरून काढतो. आणि निर्वात पोकळीत काहीच मिळाले नाही, तर शेजाऱ्यांशी असलेले जुने बंध मोडून नवे जुळवून घेतो. मध्यभागातील अणूला नवे काही नको असते. कडेच्या अणूला नेहमीच काहीतरी हवे असते, आणि रसायनशास्त्र ज्याला म्हणतात ते प्रायः या हवे असण्यातूनच घडते.

आता कोणी म्हणेल की, एवढ्या मोठ्या पापुद्र्यात कडेचे अणू ते किती? याचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतकी बाजू असलेला चौरस पापुद्रा घेतला तर त्यात सुमारे पावणेचार कोटी अणू असतात आणि कडेवर जेमतेम सतरा-अठरा हजार. हे प्रमाण दोन हजारांत एक असे पडते आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे वाटते. पण दोन नॅनोमीटर बाजूचा तुकडा घेतला तर एकंदर दीडशेच्या आसपास अणूंपैकी पस्तीस-एक, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, कडेवर येतात. लाकडी कोळशात, दगडी कोळशात आणि धुराच्या काजळीत कर्बाचे जे पापुद्रे असतात ते अशाच नॅनोमीटरभर आकाराचे, वेडेवाकडे आणि एकमेकांत गुरफटलेले असतात. मोठ्या, निर्दोष पापुद्र्याचे गुण शिकून कोळशाविषयी अनुमान करणे व्यर्थ ठरते ते यामुळेच.

ही षट्कोनांची जाळी दोन मुख्य दिशांनी कापता येते आणि त्या दिशांत ३० अंशांचे अंतर असते. एका दिशेने कापल्यास कड नागमोडी निघते, तिला शास्त्रज्ञ झिगझॅग म्हणतात. दुसऱ्या दिशेने कापल्यास अणू दोन-दोनांच्या जोड्यांनी पुढे येतात आणि दोन जोड्यांमध्ये खाच राहते, तिला आर्मचेअर असे नाव पडले आहे. या दुसऱ्या कडेवर उणीव असलेले दोन अणू एकमेकांना लागूनच असल्यामुळे ते आपापसातच व्यवस्था करतात: त्यांच्यातील बंध आखडून ०.१२३ नॅनोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे वेल्डिंगच्या दुकानात जाळल्या जाणाऱ्या ॲसिटिलीन वायूमधील तिहेरी बंधाच्या जवळपास पोहोचतो, आणि कड बऱ्याच अंशी शांत होते. नागमोडी कडेला ही सोय नाही, कारण तेथे उणीव असलेल्या दोन अणूंच्या मध्ये एक तृप्त अणू बसलेला असतो आणि त्यांचा परस्परांशी थेट संबंधच येत नाही. हातमागावरील कापडाच्या थानाला दोन्ही बाजूंनी किनार असते, कारण आडवा धागा टोकास जाऊन परत फिरलेला असतो; तेच कापड मधोमध फाडले तर दशा सुटतात आणि वीण उसवू लागते. निर्वात पोकळीतील नागमोडी कड ही अशी फाडलेली कड होय, आणि तिचा विशेष असा की, ती आपली किनार आपणच विणून घेते: कडेच्या लगतच्या दोन षट्कोनांमधील एक बंध फिरतो, एकाचा पंचकोन होतो, दुसऱ्याचा सप्तकोन होतो, आणि असे पाच-सात, पाच-सात आळीपाळीने होत गेले की उघडे अणू शेजारी शेजारी येऊन जोड्या जमवितात. फिनलंडमधील कोस्किनेन, मालोला आणि हॅकिनेन यांनी २००८ साली गणिताने दाखविले की, अशी पुनर्रचित कड मूळच्या नागमोडी कडेपेक्षाच नव्हे तर आर्मचेअर कडेपेक्षाही किंचित अधिक स्थिर असते. हायड्रोजन मुबलक असेल तर मात्र या पुनर्रचनेची गरज उरत नाही. प्रत्येक उघड्या बंधावर एकेक हायड्रोजन येऊन बसतो आणि नागमोडी कड जशीच्या तशी टिकते. एकच द्रव्य, एकच जाळी, आणि भोवतीच्या हवेत काय आहे यावर तिच्या कडेची रचना बदलते, ही गोष्ट ज्याला विस्मयकारक वाटणार नाही त्याला शास्त्राची गोडी लागणे कठीण.

हे केवळ कागदावरचे गणितही राहिलेले नाही. अमेरिकेत बर्कली येथे २००९ साली ग्राफीनला पाडलेल्या छिद्राच्या काठावरील अणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जागा बदलताना प्रत्यक्ष पाहिले गेले, आणि २०१० साली जपानमधील सुएनागा व कोशिनो यांनी कडेवरच्या एकेका अणूची इलेक्ट्रॉनी ओळख वेगवेगळी नोंदवून, दोन शेजारी असलेला अणू आणि तीन शेजारी असलेला अणू यांतील भेद उपकरणाच्या पडद्यावर दाखवून दिला. अणू ही कल्पना आहे की वस्तू आहे, असा वाद ज्या विद्येत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालला होता, त्या विद्येने शंभर वर्षांत एवढी मजल मारावी, ही मनुष्याच्या बुद्धीला भूषणावह अशी घटना आहे.

हा सारा विषय दूरच्या प्रयोगशाळांचा आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने घरातील ट्रंकेत, पैठणीच्या घडीत ठेवलेली जुन्या प्रकारची डांबरगोळी आठवावी. ती गोळी नॅफ्थॅलीनची असते, आणि नॅफ्थॅलीनचा रेणू म्हणजे दोन षट्कोन एका बाजूने जोडलेले: कर्बाचे दहा अणू आणि हायड्रोजनचे आठ. दहापैकी आठ कर्ब कडेचे, त्यांच्या उघड्या बंधांवर एकेक हायड्रोजन. मधल्या दोघांना मात्र तिन्ही बाजूंनी कर्बच. हायड्रोजनची किनार असलेला ग्राफीनचा हा एक अतिशय लहान तुकडाच आहे, आणि तो आपल्या आजीच्या ट्रंकेत शंभर वर्षे पडून आहे. आता तिसरा षट्कोन जोडू. तो सरळ रेषेत जोडला तर अँथ्रॅसीन होते. तिरपा जोडला तर फेनँथ्रीन होते. दोन्ही दगडी कोळशाच्या डांबरातून मिळतात, दोन्हींत कर्बाचे चौदा व हायड्रोजनचे दहा अणू, वजन तेच, घटक तेच. तरीही सरळ अँथ्रॅसीन मधल्या वलयावर चटकन विक्रिया करते आणि तिरपे फेनँथ्रीन अधिक स्थिर राहते. सरळ रेषेत पाच षट्कोन जोडून पेंटासीन केले तर ते उजेडात व हवेत हळूहळू बिघडू लागते. कारण काय? सरळ जोडलेल्या रेणूची लांब बाजू नागमोडी असते. तिरप्या जोडणीत आर्मचेअर कडेची खाच येते. एरिक क्लार या रसायनशास्त्रज्ञाने १९७२ साली याचे जे विवेचन केले ते आजही प्रमाण मानले जाते: सहा इलेक्ट्रॉनांचे एक स्थिर षट्क पूर्ण षट्कोनात बसविता येते, परंतु सरळ रांगेत षट्कोन कितीही जोडा, असे एकच षट्क बसते; तिरप्या जोडणीत तीन षट्कोनांत दोन बसतात. ग्राफीनच्या मोठ्या पट्टीतही हाच न्याय चालतो. बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशी ही गोष्ट आहे, आणि ती त्याच्या पाठ्यपुस्तकातील बेंझीनच्या धड्यापासून दोन पायऱ्यांवर आहे; तरी आपण त्याला बेंझीन परीक्षेपुरते पाठ करायला लावून तेथेच सोडून देतो.

नागमोडी कडेच्या चुंबकत्वाचा विषय मोठा आहे, त्याला येथे केवळ स्पर्श करतो. फुजिता व त्यांचे जपानी सहकारी यांनी १९९६ साली, म्हणजे ग्राफीन वेगळे होण्याच्या आधीच, असे भाकीत केले होते की, हायड्रोजनने तृप्त केलेल्या नागमोडी कडेवरही पापुद्र्याच्या सामायिक इलेक्ट्रॉनांपैकी काही इलेक्ट्रॉन कडेलाच अडकून राहतात आणि त्यांचे परिवलन एका दिशेने लागते; लोहाचा कणही नसलेल्या कर्बात त्यामुळे कडेपुरते चुंबकत्व उत्पन्न होऊ शकते. अशा नेमक्या कडेच्या पट्ट्या कापून मिळत नाहीत, कारण कोणतीही कात्री अणूच्या मापाची नसते. त्या रेणू जोडजोडून वाढवाव्या लागतात, आणि आर्मचेअर कडेच्या पट्ट्या २०१० साली व नागमोडी कडेच्या २०१६ साली युरोपातील प्रयोगशाळांनी सोन्याच्या पृष्ठावर तशा वाढविल्याही. आपल्या देशातही या विषयावर गंभीर काम झाले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले आणि बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात संशोधन करणारे उमेश वाघमारे यांनी सोमनाथ भौमिक यांच्यासह २०१० साली ग्राफीनच्या पट्ट्यांतील कडेचा ताण आणि जाळीतील दोष यांमुळे पट्टी कशी वाकते व मुरडते याचे मूलभूत गणित मांडले. महाराष्ट्रातील किती महाविद्यालयांत त्याचा उल्लेख होतो, हा प्रश्न प्राध्यापकांनी स्वतःला विचारावा.

मी मात्र पुन्हा कोळशाकडे वळतो, कारण माझा मुख्य मुद्दा तेथे आहे. लोहाराच्या भात्यापुढे बाभळीचा कोळसा निखारा होऊन पेटतो, आणि सोनार ज्या ग्राफाइटच्या मुशीत सोने वितळवितो ती मूस, तीही कर्बाचीच असून, वितळलेल्या सोन्याचा ताप सोसून पुनःपुन्हा वापरता येते. दोहोंत द्रव्य एक. फरक असा की, मुशीतील ग्राफाइटाचे पापुद्रे मोठे व सुव्यवस्थित असतात, त्यांच्या सपाट पाठीवर प्राणवायूला फारसे काही करता येत नाही, आणि जेथे थोड्या कडा उघड्या आहेत तेथूनच तो हळूहळू कुरतडतो. कोळशात कडाच कडा असतात, म्हणून प्राणवायूला जागोजाग वाट मिळते. कर्ब आधी कडेकडून जळतो. हे एकदा कळले की लाकडाचा कोळसा करताना भट्टीची हवा का कोंडतात, आच वाढविली की कोळसा अधिक कठीण व अधिक वाहक का होतो, आणि मंद आचेवरचा कोळसा लवकर का पेटतो, या सर्वांचा उलगडा होतो: आच वाढते तसा कडेवरचा हायड्रोजन व प्राणवायू निघून जातो, लहान पापुद्रे एकमेकांस जोडले जाऊन मोठे होतात आणि कडा कमी होतात.

पाण्याच्या प्रश्नात तर कडेचे अज्ञान प्रत्यक्ष अपाय करते. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांच्या हापशांच्या व बोअरच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगे, याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर डाग येतात आणि पुढे हाडे व सांधे जखडतात. अशा गावांत ‘कार्बन फिल्टर’, आणि अलीकडे ‘ग्राफीन फिल्टर’, हे शब्द मोठ्या आशेने उच्चारले जातात. आता कडेकडे पाहा. हवेत वा वाफेत तयार झालेल्या कोळशाच्या कडेवर प्राणवायूचे गट असतात, आणि त्यांतील आम्लधर्मी गट साध्या पाण्यात आपला हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात. फ्लोराइडही ऋणभारितच. समान भार एकमेकांस दूर लोटतात, आणि म्हणून साधा कोळसा पाण्यातील वास, रंग, क्लोरीन आणि पुष्कळशी सेंद्रिय द्रव्ये उत्तम प्रकारे काढीत असला, शिशासारख्या धनभारित धातूंनाही थोडेफार अडवीत असला, तरी फ्लोराइड त्याच्या हाती फारसे लागत नाही. त्यासाठी कोळशाच्या पृष्ठावर ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियम यांची योजना करावी लागते, अथवा सक्रिय ॲल्युमिना वापरावा लागतो, अथवा नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, तुरटी व चुन्याच्या साह्याने बसविलेली नालगोंडा पद्धत अंगीकारावी लागते. जो ग्रामसेवक वा सरपंच ही गोष्ट जाणत नाही तो वित्त आयोगाच्या निधीतून काळ्या भुकटीने भरलेले नळकांडे विकत घेईल, पाणी चवीला गोड लागेल, आणि मुलांचे दात पूर्वीप्रमाणेच पिवळे पडत राहतील. येथे विक्रेता खोटे बोलला असेलच असे नाही. पाण्यात काय आहे आणि कोळशाच्या कडेवर काय आहे, हे दोन प्रश्न एकत्र कोणी विचारलेच नाहीत, एवढेच.

आणि ‘ग्राफीन’ या नावाने जे विकले जाते त्याविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. जगातील साठ उत्पादकांचा माल तपासून २०१८ साली सिंगापूरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता की, बहुतेकांच्या मालात खरे ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी होते आणि एकाच्याही मालात ते अर्ध्यावर गेले नव्हते. उरलेले सारे बारीक केलेले ग्राफाइट. ग्राफाइट वाईट नसते, पण ग्राफाइटाचे दाम देऊन ते घ्यावे. रंगात, वंगणात, बॅटरीत, आणि आता खतांच्या पिशवीवरही हा शब्द छापलेला दिसू लागला आहे. त्या पिशवीतील पापुद्रे किती थरांचे, किती आकाराचे, आणि त्यांच्या कडेवर हायड्रोजन आहे, प्राणवायू आहे की नत्र आहे, याविषयी छापील अक्षरही नसते.

आता पऱ्हाटीचे काय करावे? मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करून दाखविल्याला पुष्कळ वर्षे झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली कडुलिंबासारख्या झाडांच्या वाळक्या पानांपासून ऊर्जासंचयी धारित्रांना चालेल असा उत्तम कर्ब सिद्ध केला. पाला व काडी यांतून मोलाचा कर्ब निघतो, हे सिद्ध करण्याचे काम संपलेले आहे. उघड्यावर जाळण्याऐवजी हवा कोंडून पऱ्हाटीचा कोळसा करणे हे तालुक्याच्या पातळीवर साध्य आहे. साध्या लोखंडी पिंपाच्या भट्टीतही तो होतो, आणि अळीही मरते. पण त्याचा उपयोग कशासाठी, हे ठरविताना पुन्हा कडेचाच विचार करावा लागतो. जमिनीत मिसळलेल्या कोळशाच्या कडा वर्षानुवर्षे हवा, पाणी व सूक्ष्मजीव यांच्या संगतीत प्राणवायू धरतात, ऋणभारित होतात, आणि मग पालाश, चुना व अमोनियारूप नत्र यांना धरून ठेवू लागतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निकस, तांबड्या भूमीत प्राचीन वस्त्यांच्या जागी जी काळी, सुपीक माती सापडते तिचे एक रहस्य हेच आहे. तथापि बाभुळगावची काळी कापसाची माती ॲमेझॉनची तांबडी माती नव्हे. तिच्यातील चिकणमातीत अन्नद्रव्ये धरण्याची शक्ती मुळातच पुष्कळ आहे, ती स्वतः अल्कधर्मी आहे, आणि कोळशाची राख तिला अधिक अल्कधर्मी करू शकते. म्हणून परदेशातील प्रयोगांचे आकडे दाखवून येथल्या शेतकऱ्याला उत्पन्न वाढण्याची हमी देणे मी अनुचित समजतो. बेंबळा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील ओलिताच्या शेतात एक निष्कर्ष निघेल आणि धुऱ्यापलीकडच्या मुरमाड, कोरडवाहू बरड जमिनीत दुसरा. बरडीवर लाभ होण्याचा संभव मला अधिक वाटतो, पण तो प्रयोगाने ठरला पाहिजे, आणि प्रयोगही मंद आचेचा व तीव्र आचेचा असे दोन्ही कोळसे घेऊन झाला पाहिजे, कारण त्यांच्या कडा सारख्या नसतात.

अशा प्रयोगाला लागणारी विद्या येथील मुलांच्या आवाक्यात आहे. डांबरगोळी, लाकडी कोळसा, वणीच्या खाणीतील दगडी कोळशाचा खडा, शिसपेन्सिल आणि सोनाराची फुटकी मूस, एवढ्या पाच जिनसा टेबलावर मांडून कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकाला कर्बाचे सगळे रसायनशास्त्र शिकविता येईल: कोणता पदार्थ मेणबत्तीवर पेटतो, कोणता विजेरीच्या परिपथात दिवा लावतो, कोणता पाण्यातील शाईचा रंग ओढून घेतो, आणि दर वेळी उत्तर शोधण्यासाठी विद्यार्थ्याला पापुद्रा केवढा व कड किती, या प्रश्नापाशी यावे लागेल. यासाठी अभ्यासक्रम मंडळाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. उच्च दर्जाची तपासणी मात्र संस्थांकडेच करून घ्यावी लागेल, आणि तेथे एक गोष्ट मनाला समाधान देणारी आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात प्रकाशाच्या ज्या विकिरणाचा शोध लावला, त्याच्याच आधारे आज जगभर कर्बाच्या कडेची परीक्षा होते: ग्राफीनवर लेसरचा किरण टाकला की परत येणाऱ्या प्रकाशात १५८० प्रति सेंटीमीटर या अंकापाशी एक रेषा निर्दोष जाळीची येते, आणि १३५० च्या आसपास दुसरी येते ती केवळ कड किंवा दोष असेल तरच. आर्मचेअर कडेपाशी ही दुसरी रेषा उमटते, निर्दोष नागमोडी कडेपाशी उमटत नाही. या दोन रेषांची उंची पाहून पिशवीतील काळी भुकटी खरोखर काय आहे, याची खातरजमा बऱ्याच अंशी होऊ शकते, आणि मोठ्या संस्थांच्या सामायिक उपकरण-केंद्रांत शुल्क भरून ती करून मिळते.

माझी शिफारस एवढीच आहे की, जिल्हा परिषदेने, पंचायत समितीने अथवा कृषी खात्याने सरकारी तरतुदीतून कर्बाचा कोणताही जिन्नस, मग तो पाण्याचा फिल्टर असो, भूसुधारक असो वा ग्राफीनयुक्त म्हणून विकला जाणारा रंग असो, विकत घेण्यापूर्वी निविदेच्या मसुद्यातच तीन गोष्टींचा दाखला मागावा: पापुद्र्यांचे थर व आकार, कडेवरील प्राणवायूचे प्रमाण, आणि ज्या अशुद्धीसाठी तो घेतला जात आहे ती अशुद्धी याच तालुक्याच्या पाण्यातून वा मातीतून काढून दाखविलेल्या चाचणीचा अहवाल, आणि हे तिन्ही कागद मिसलीला लागेपर्यंत बिलाची रक्कम अदा करू नये.